मी आहे की

इंग्रजीतल्या पाच क्रियापदांचा एक गठ्ठा मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. रिलाय ऑन, डिपेंड ऑन, बँक ऑन, फॉल बॅक ऑन आणि काउंट ऑन. हैदराबादच्या ज्या कॉलेजात मी शिकवते, तिथं बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला इंग्रजी संभाषणाचा एक पेपर असतो. मुलं निजामाबाद, आदिलाबाद, संगारेड्डीकडची. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी दख्खनी, दोन-चार जणांच्या घरी मराठी. पाचही क्रियापदांचा अर्थ मी एका दमात सांगते : भरवसा ठेवणं, विसंबून राहणं. मग प्रत्येकाचं एकेक वाक्य होतं आणि तास संपतो.

यंदा तो तसा संपला नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"मॅडम, काउंट म्हणजे मोजणं ना? मग ज्याच्यावर भरवसा आहे त्याला मोजायचं कशाला? ज्याच्यावर भरवसा नसतो, त्याच्याकडून आपण पैसे मोजून घेतो."

वर्ग हसला. मीही हसले आणि सव्वीस वर्षं जे उत्तर देत आले तेच दिलं. अशा क्रियापदांचे तुकडे करून अर्थ शोधायचा नसतो. दोन शब्द मिळून तिसराच शब्द तयार होतो. तो आहे तसा पाठ करायचा. मुलगी खाली बसली, पण तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. संध्याकाळी बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं, की माझंही झालेलं नाही.

शब्द पाठ करून घेणाऱ्याला शब्दाकडे बघायला सवड होत नाही. त्या रात्री मी पाचही क्रियापदं एकेक करून उलटून पाहिली. 'डिपेंड'च्या मुळाशी लॅटिनमधलं लोंबकळणं आहे. गंमत म्हणजे आपल्या 'अवलंबून'मध्येही तेच आहे. संस्कृतातला 'लंब्' म्हणजे लोंबणंच. दोन्ही भाषांना परावलंबी माणूस खुंटीला टांगलेल्या पिशवीसारखा दिसला. 'रिलाय'च्या मुळाशी बांधणं आहे. 'फॉल बॅक' हे मागे हटणाऱ्या सैन्याचं चालणं. मागं सरताना पाठ जिथं टेकेल ती जागा म्हणजे भरवसा. 'बँक ऑन'ला तर फोड लागतच नाही. आमच्याकडच्या जुन्या बोलण्यातला 'मदार' हा शब्द अरबीतून आला, आणि तिकडे त्याचा अर्थ आस, म्हणजे ज्याच्याभोवती सगळं फिरतं तो मधला दांडा.

'काउंट'चं मूळ लॅटिनमधल्या हिशेब करण्यात आहे. 'कॉम्प्युटर' हा त्याचाच भाऊबंद. तेव्हा मुलीचं म्हणणं बरोबर होतं, इथं मोजणंच आहे. पण ते पैशांचं मोजणं नव्हे. एखादं काम काढलं की आपण मनातल्या मनात माणसं मोजतो. तू, मी, तो, आणि अमुक एक जण. तो अमुक अजून हो म्हणालेला नसतो, त्याला आपण विचारलेलंही नसतं, तरी हिशेबात तो धरलेला असतो. पैसे हातात आल्यावर मोजतात, माणूस यायच्या आधीच मोजला जातो. हा खरा 'काउंट ऑन'. मराठीत त्याला अगदी नेमकं जुळणारं क्रियापद आहे : धरून चालणं. 'तुला धरून आम्ही चार जण.' 'तू येणार असं धरूनच चाललो होतो.'

उत्तर सापडलं म्हणून बरं वाटलं. मग 'धरून चालणं'च्या शेजारीच 'गृहीत धरणं' उभं दिसलं, आणि आक्का आठवली.

आक्का म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमचं गाव देगलूर तालुक्यातलं. तिकडून तेलंगण आणि कर्नाटक दोन्ही हाकेच्या अंतरावर. १९५६ पर्यंत आमचा सगळा मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे शिकायला, दवाखान्याला, लग्नाच्या खरेदीला हैदराबादची वाट आमच्या घरात जुनीच. आक्काला मात्र कुठलीच वाट नव्हती. विसाव्या वर्षी नवरा वारला आणि ती आजोबांच्या घरी परत आली. पुढची पन्नासेक वर्षं ती तिथंच होती.

तिचं एक वाक्य होतं : "मी आहे की."

आईला माहेरी लग्नाला जायचं असे, घरी म्हैस व्यायला झालेली असे. आक्का म्हणे, "जा की तू. मी आहे की." दादाला गोवर, आईच्या हातात मी तान्ही. "मी आहे की." आजी अंथरुणाला खिळली. "मी आहे की." 'यू कॅन काउंट ऑन मी' या वाक्याचं मराठी भाषांतर कुणी मागितलं तर मी हेच देईन. इंग्रजीला त्यासाठी मोजणं लागतं, लोंबणं लागतं, बँक लागते. आपल्याकडे नुसतं असणं पुरतं. जो आहे, त्याच्यावर भरवसा. आणि तिच्याबद्दल बोलताना घरातले बाकीचे सगळे त्याच वाक्याचं दुसरं रूप वापरत : "आक्का आहे ना." पहिलं वाक्य ती द्यायची, दुसरं आम्ही घ्यायचो. यातलं देणं कुठं संपतं आणि घेणं कुठं सुरू होतं, हे विचारायची गरज कधी पडली नाही.

आक्का मोजायची मात्र फार. दुरडीतल्या भाकरी मोजायची, वाळत घातलेले कपडे मोजायची, गोठ्याकडे जाताना उतरंडीवरची मडकीसुद्धा बोटानं मोजायची. घरात कार्य असलं की पानं किती मांडायची, हा हिशेब तिच्याकडे. ओसरीवरून आत येत ती सांगे, "बावीस पानं." आणि घरात माणसं असत तेवीस. लहानपणी मला ही चूक वाटायची. एकदा मी तिला सगळ्यांची नावं घेऊन मोजून दाखवलं. ती हसून म्हणाली, "वाढणारी धरत नसतात गं पंगतीत." तिच्या लेखी तो हिशेबाचा नियम होता.

आपल्याकडे एक शब्द आहे, 'खिजगणती'. अमुक माणूस कुणाच्या खिजगणतीतही नाही, असं आपण म्हणतो. माझ्या विद्यार्थ्यांच्या तेलुगूतही जवळपास असंच आहे. 'लेक्क' म्हणजे हिशेब, मोजदाद. आणि 'लेक्क चेय्यलेदु' म्हणजे मोजलं नाही, म्हणजेच जुमानलं नाही. दोन्ही भाषांना हे कळलेलं आहे, की न मोजणं हा अपमान आहे. माणूस खिजगणतीत नसताना सगळी भिस्त त्याच्यावर असू शकते, या स्थितीला मात्र मला दोन्हीकडे शब्द सापडला नाही. इंग्रजीत तो व्याकरणातच आहे. 'काउंट'पुढे 'ऑन' लावलं की भरवसा, आणि 'ऑन' काढून घेतलं की नुसती मोजणी. एक असलं की दुसरं असेलच, असं नाही.

१९९१ च्या जनगणनेला प्रगणक म्हणून गावातलेच एक गुरुजी आले होते. मी सुट्टीला घरी होते. ओसरीवर बसून त्यांनी एकेकाचं नाव, वय, शिक्षण लिहून घेतलं. आक्काच्या रकान्याशी आल्यावर त्यांनी विचारलं, "काम काय करतात?" अण्णा सहज म्हणाले, "काही नाही, घरीच असते." ते बोलत होते तेव्हा आक्का चहा घेऊन बाहेर येत होती. गुरुजींनी तसं लिहिलं आणि कप उचलला. त्यात अण्णांचा किंवा गुरुजींचा काही विशेष दोष होता असं नाही. फक्त घरकाम करणाऱ्या बाईला आपली जनगणना 'काम न करणारी' याच वर्गात घालत आली. पुढे २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची देशभर पाहणी केली, तेव्हा घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो असं निघालं. पुरुषांची ९७ मिनिटं. पाच तासांना एक मिनिट कमी. तो आकडा वाचला तेव्हा मला वाटलं, आक्का असती तर म्हणाली असती, यात पाणी तापवायचं धरलं का?

इथपर्यंत लिहिणं सोपं होतं. घरोघरी एखादी आक्का असते, आणि तिच्याबद्दल हळवं होऊन लिहिणाऱ्या भाच्याही असतात. मला जे सांगायचं आहे ते याच्या पुढचं आहे.

आजोबा वारल्यावर शेताच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून अण्णांबरोबर आक्काचंही नाव लागलं होतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलीलाही वारस मानलं आहे, तेव्हा ते लागायचंच होतं. तलाठ्यानं फेरफार केला, कुणी त्याकडे लक्ष दिलं नाही. १९८९ साली लक्ष द्यायची वेळ आली. दादाला खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळत होता, पण डोनेशन भरायचं होतं. मला एम.ए.साठी हैदराबादला वसतिगृहात राहायचं होतं. रस्त्याकडेचं चार एकर विकायचं ठरलं. गिऱ्हाईक तयार होतं. आक्काचं नाव असेपर्यंत अण्णांना एकट्यानं खरेदीखत करून देता येत नव्हतं.

"आक्का सही करेल," अण्णा आईला म्हणाले. विचारलं नव्हतं. धरून चालले होते.

तिला तालुक्याला घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं, कारण ती माझं ऐकायची. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर चिंचेखाली अर्जनवीस टेबल टाकून बसलेला होता. त्यानं मुद्रांकावर हक्कसोडपत्र टाइप करून ठेवलं होतं. ते शेतच नव्हे, आजोबांच्या सगळ्याच मिळकतीवरचा हक्क त्यात सोडलेला होता. एकदा करायचंच आहे तर सगळं करून टाकू, असं कुणीतरी सुचवलं होतं. कुणी, ते मी कधी विचारलं नाही. आक्काला वाचता यायचं, पण त्या दिवशी चष्मा घरी राहिला होता. कागद माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "तू वाच."

मी वाचलं. मोठ्यानं वाचलं. कुणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीनं, कोणताही मोबदला न घेता, आज रोजी आणि पुढेही माझा किंवा माझ्या वारसांचा काही हक्क राहिलेला नाही. हे सगळं मी तिला वाचून दाखवलं. एक शब्दही गाळला नाही. वीस वर्षांची होते, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, कागदाचा अर्थ मला पूर्ण कळत होता. ती ऐकत चिंचेच्या शेंड्याकडे बघत होती. वाचून झाल्यावर तिनं एकच विचारलं :

"मग ह्याच्यानंतर माझं नाव कुठं राहील?"

मी म्हणाले, "आक्का, नाव कशाला पाहिजे? आम्ही आहोत ना."

ती लगेच हसली. "ते तर आहेच की," म्हणाली आणि आत जाऊन तिनं सही केली. तिची अक्षरं मोठी आणि सुटी होती. साक्षीदार म्हणून खाली दोन सह्या लागत होत्या. दुसरी माझी आहे.

तिचंच वाक्य मी तिला दिलं होतं, एकवचनाचं अनेकवचन करून. ती म्हणायची 'मी आहे', आणि ती असायची. मी म्हणाले 'आम्ही आहोत'. या अनेकवचनात किती जागा असते ते मला पुढे कळलं. 'आम्ही'मध्ये मी होते, दादा होता, अण्णा होते, अजून न आलेली वहिनी होती, माझा न पाहिलेला नवरा होता. इतक्या जणांत प्रत्येकाला वाटू शकतं, की दुसरा कुणीतरी आहे.

चार एकरांवर दादा इंजिनिअर झाला. मी एम.ए. झाले, नोकरीला लागले. १९९६ साली आईला अर्धांगवायूचा झटका आला. पुढची दोन वर्षं आईचं उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं, भरवणं सगळं आक्कानं केलं. मी महिन्यातून एकदा शनिवारी एसटीनं जायची, रविवारी दुपारी परत निघायची. पाच तास जायला, पाच तास यायला. परत निघताना दरवेळी पोटात कालवायचं आणि दरवेळी आक्का दारात उभी राहून म्हणायची, "जा तू. मी आहे की." बस सुटली की मला झोप लागायची. ती झोप मला अजून आठवते. कुणावर तरी पूर्ण भार टाकून आलेली, खोल झोप होती ती.

मराठीत 'विसंबणं' हे क्रियापद आहे. मी ते वर्गात वर्षानुवर्षं 'काउंट ऑन'चा अर्थ म्हणून सांगत आले. आई त्याचा दुसराही उपयोग करायची. मी लहान असताना खूप आजारी पडले होते, तेव्हाचं सांगताना ती म्हणायची, "आक्कानं तुला क्षणभर विसंबलं नाही." म्हणजे नजरेआड केलं नाही, मनाआड केलं नाही. शब्द एकच आहे. माणसा'वर' विसंबलं तर भरवसा, आणि माणसा'ला' विसंबलं तर विसर. इंग्रजीत जे 'ऑन' करतं ते इथं एक विभक्तीचा प्रत्यय आणि एक शब्दयोगी अव्यय मिळून करतात. हे माझ्या लक्षात यायला यंदाच्या त्या मुलीचा प्रश्न लागला. आक्का मला कधी विसंबली नाही. आम्ही आक्कावर विसंबलो, आणि त्या बसमधल्या झोपेत, कधीतरी, आक्कालाच विसंबलो.

आई गेली. २००६ साली अण्णा गेले. घर दादाच्या नावावर आलं. नव्हे, ते १९८९ सालीच यायचं ठरलं होतं. दादा पुण्याला. आक्का पंचाहत्तरीच्या पुढची. मग आम्ही काय केलं, तर मोजणी केली. तीन महिने दादाकडे, तीन महिने माझ्याकडे. आक्काला याबद्दल तक्रार नव्हती. माझ्या फ्लॅटमध्ये ती दिवसभर खिडकीत बसून खालच्या गाड्या मोजायची आणि संध्याकाळी मला आकडा सांगायची. दोन फेऱ्या झाल्या. पुण्यात चार जिने चढायचे होते म्हणून मधेच ती गावाकडे राहायला गेली. घर विकायचं चाललं होतं, पण पुढची एक खोली उघडी होती. शेजारची सून डबा द्यायची. तिसऱ्या फेरीला माझी पाळी आली तेव्हा कॉलेजात परीक्षा होत्या, मुलाची दहावी होती, नवऱ्याची बदली होते की काय असं चाललं होतं. मी फोन केला. म्हणाले, "आक्का, एवढा महिना जाऊ दे, मग मी स्वतः न्यायला येते."

तिकडून ती म्हणाली, "असू दे. मी आहे की इथं."

वर्षानुवर्षं ऐकलेलं वाक्य मी त्याच सवयीनं ऐकलं, आणि मला हायसं वाटलं. फोन ठेवल्यावर मी पेपर तपासायला बसले. ती 'मी आहे' कुणाला सांगत होती? घरात दुसरं कुणी नव्हतं. ज्याला धीर द्यायचा असं तिच्यासमोर फक्त मी होते, फोनवरची, आणि तिनं तो मला दिला.

त्यानंतर अठरा दिवसांनी पहाटे ती न्हाणीत पडली. दुपारी डबा घेऊन आलेल्या शेजारच्या सुनेला कळलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. मी पोचले, दादा पोचला, नांदेडच्या दवाखान्यात आम्ही आळीपाळीनं बसलो. पाच आठवडे गेले, मग न्यूमोनिया झाला. शेवटच्या दिवसांत तिचं बोलणं तुटक झालं होतं. एकदा रात्री ती बोटांवर काहीतरी मोजत होती. मी विचारलं, "काय मोजतेस, आक्का?" ती म्हणाली, "पानं." किती, ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. बावीस म्हणाली असती तर मला सोसलं नसतं, आणि तेवीस म्हणाली असती तरीही.

आता कुणी म्हणेल, यात फसवणूक कुठं आहे? मीही स्वतःला तेच सांगत आले. कागद पूर्ण वाचून दाखवला होता. सही तिनं स्वतः केली. नंतर तिला कुणी घराबाहेर काढलं नाही, पाळी ठरवून का होईना सांभाळलं. यातलं काहीही खोटं नाही. पण तिला कागदावर भरवसा नव्हताच. तो तिनं ऐकलाही नसावा. तिनं ऐकलं ते कागदाबाहेरचं एक वाक्य, आणि त्या वाक्याच्या बदल्यात चार एकर, घर आणि नाव सोडलं. मोबदल्याशिवाय, असं त्या कागदात लिहिलं आहे. मोबदला ठरला होता. तो मी ठरवला होता, तीन शब्दांत, आणि त्याला साक्षीदार नव्हता.

पुढच्या तासाला मी वर्गात गेले तेव्हा त्या मुलीला उत्तर देणं लागत होतं. यायच्या आधीच मोजलेला माणूस, हे तिला लगेच पटलं. मग मी फळ्यावर एक गोष्ट दाखवली, जी आजवर फक्त परीक्षेच्या दृष्टीनं सांगत आले होते. 'काउंट हिम इन' म्हणजे त्यालाही सामील धरा. यात माणूस दोन शब्दांच्या मध्ये येतो. 'काउंट हिम आउट' म्हणजे त्याला वगळा. यातही तो मध्येच असतो. पण 'काउंट ऑन हिम'मध्ये त्याला मध्ये घेता येत नाही. दोन शब्द एकमेकांना चिकटलेले राहतात आणि माणूस बाहेर, शेवटी. 'काउंट हिम ऑन' असं लिहिलं तर एक गुण जाईल, एवढंच मी पूर्वी सांगत असे. या वेळी जरा थांबले. वगळायचं असलं तरी माणसाला आत घ्यावं लागतं, आणि भरवसा ठेवायचा असला तर त्याला बाहेर ठेवून चालतं, हे व्याकरण कुणी मुद्दाम केलेलं नाही. पण ते मला ओळखीचं वाटलं, हे मी मुलांना सांगितलं नाही.

मुलगी पुन्हा उभी राहिली. "मॅडम, आपण एखाद्यावर काउंट केलं आणि तो आलाच नाही, तर त्याला काय म्हणायचं?"

"लेट डाउन," मी म्हणाले. "समोरच्याच्या भरवशाला न उतरणं."

"त्यात माणूस कुठं येतो? मध्ये की शेवटी?"

नाव असेल तर कुठंही चालतं, मी सांगितलं. पण 'तो', 'ती' असं सर्वनाम असेल तर मध्येच यावं लागतं, दुसरीकडे चालत नाही. तिनं उदाहरण मागितलं. मी फळ्यावर लिहिलं : 'आय लेट हर डाउन'. सगळ्यांनी वह्यांत उतरवून घेतलं. 'हर' म्हणजे कोण, असं कुणी विचारलं नाही. व्याकरणाच्या उदाहरणात तसं कुणी विचारत नाही.